लाटांवरील दंडगोल

पाण्यात उभा तरंगणारा पोकळ दंडगोल किंचित दाबून सोडला, तर तो वरखाली हेलकावे घेऊ लागतो. खाली जाताना तो अधिक पाणी बाजूस सारतो. त्या पाण्याच्या वजनाइतके बल त्यास वर ढकलते. वर आल्यावर त्याचेच वजन त्यास पुन्हा खाली ओढते. या हेलकाव्याचा काल बुडालेल्या भागाच्या उंचीवर अवलंबून असतो. हा भाग ४ मीटर असल्यास काल सुमारे ४ सेकंद, आणि १६ मीटर असल्यास सुमारे ८ सेकंद येतो. सभोवारच्या पाण्याच्या जडत्वामुळे तो प्रत्यक्षात थोडा वाढतो.

लाटेचा काल याच्याशी जुळला, म्हणजे संस्पंदन घडते. मग लहान लाटेवरही दंडगोल मोठे हेलकावे घेतो, व त्या गतीला जनित्र जोडून वीज मिळविता येते. परंतु वादळात हीच गती अनावर होऊन नांगराच्या साखळ्या तोडू शकते.

लाटेची ऊर्जा शोषून घेणे म्हणजे दंडगोलाने उलट लाट उठवून मूळ लाट पुसून टाकणे होय. लाटांसमोर आडवा ठेवलेला लांब दंडगोल केवळ वरखाली हलला, तर तो दोन्ही बाजूंस सारख्याच लाटा उठवितो; म्हणून त्यास फार तर निम्मी ऊर्जा मिळते. यावर तोड कोणती? तोच दंडगोल पाण्याखाली ठेवून त्याचा अक्ष वर्तुळात फिरू दिला, तर लाटा एकाच दिशेस उठतात. अशा रचनेत ठराविक कालाच्या लाटेची सर्व ऊर्जा तत्त्वतः शोषता येते, असे ब्रिस्टल विद्यापीठातील डेव्हिड एव्हान्स यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले.