कान्हेरीचा लोहार काय शिकवतो? (स्थानिक कला आणि आपली जबाबदारी)



‘कलेला राजाश्रय हवा’ हे वाक्य मुलांच्या निबंधात हमखास सापडतं. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: ‘सरकारने लक्ष द्यावे.’ झालं, निबंध संपला! आपलं स्वतःचं काम काय, हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या बोरीवलीतच आहे, आणि तेही दगडात कोरलेलं.

कान्हेरी कोणी उभी केली?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, मुख्य प्रवेशद्वारापासून साधारण सहा किलोमीटर आत कान्हेरी लेणी आहेत. काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेली शंभराहून अधिक लेणी. मुलांना विचारा, ही कोणी बांधली? उत्तर येईल, ‘राजाने.’ तिथले ब्राह्मी शिलालेख मात्र वेगळंच सांगतात. तिसऱ्या क्रमांकाचं भव्य चैत्यगृह दुसऱ्या शतकात, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात झालं, पण ते करवून घेतलं दोन व्यापारी भावांनी. इतर लेखांत कल्याण, सोपारा, चौल अशा गावांचे दाते भेटतात. व्यापारी आहेत, भिक्षू आणि भिक्षुणी आहेत, घरसंसारातल्या बायकाही आहेत.

मला त्यातले दोन दाते फार आवडतात. दोघेही कल्याणचे. एक सोनार, त्याने पाण्याचं टाकं दिलं. दुसरा लोहार, त्याने वाट करून दिली. मूर्ती नाही, सभामंडप नाही. फक्त पाणी आणि वाट! पण डोंगरावर पाणी नसेल तर शिल्पकार राहणार कसा? वाट नसेल तर पाहायला, शिकायला येणार कोण? नवव्या शतकातल्या, शिलाहारांच्या काळातल्या एका लेखात तर दानाच्या रकमेची वाटणीच दिली आहे: काही पूजेला, काही डागडुजीला, काही वस्त्रांना आणि थोडी पुस्तकांसाठी. कलेच्या आणि विद्येच्या मागे असा साधा घरगुती हिशेब उभा असतो.

आजची वाट, आजचं टाकं

आता आपल्या आजूबाजूला पाहू.

१. एकसरचे वीरगळ : बोरीवली पश्चिमेला एकसरमध्ये सहा वीरगळ आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचं स्मारक. त्यांच्यावर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे. शेजारच्या इमारतींमधल्या किती मुलांना हे माहीत आहे? ज्याची ओळखच नाही, ते उद्या हरवलं तरी कोणाला चुकल्यासारखं वाटणार नाही. इथे ‘वाट करून देणं’ म्हणजे मुलांना तिथे नेणं, एवढंच.

२. वारली चित्रकला : उद्यानातल्या पाड्यांवर वारली कुटुंबं राहतात. डहाणू भागातल्या जिव्या सोमा मशे यांना याच कलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. शाळेत मात्र आपण काय करतो? मोबाइलवरून चित्र काढतो आणि मुलांना ते गिरवायला देतो. एकदा वारली चित्रकाराला वर्गात बोलवा. आणि हो, मानधन द्या! ‘मुलांसाठी जरा दाखवा ना’ म्हणून फुकट बोलावणं म्हणजे कलेचा सन्मान नव्हे. चाळीस पालकांनी पन्नास-पन्नास रुपये काढले तर दोन हजार होतात.

३. नाटक : प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आपल्याच उपनगरात आहे. वर्षातून एक तरी मराठी बालनाट्य तिकीट काढून पाहूया. पास मिळतो का, हे विचारायचं नाही. ते तिकीट म्हणजे सोनाराचं टाकंच समजा.

यात समाजाचा काय फायदा?

पालक हा प्रश्न विचारतात आणि तो योग्यच आहे. कलावंताला चार पैसे मिळतात, हे तर झालंच. पाड्यावरचं मूल जेव्हा आपल्या आजीची चित्रं शाळेच्या भिंतीवर पाहतं, तेव्हा त्या वर्गात ते पाहुणं राहत नाही. आणि नव्याने राहायला आलेल्या कुटुंबातल्या मुलालाही ‘हे माझं गाव’ म्हणायला काहीतरी हाताशी लागतं.

वर्गासाठी उपक्रम

• कान्हेरीची सहल काढा (उद्यान सोमवारी बंद असतं). मुलांना शिलालेख शोधायला लावा आणि लोहार-सोनाराची गोष्ट तिथेच सांगा.
• प्रत्येकाने घराजवळच्या एका कलावंताशी बोलावं. तो कीर्तनकार असेल, मूर्तिकार असेल, तबला शिकवणारे काका असतील. प्रश्न एकच: ‘तुमचं काम चालू राहायला कशाची गरज आहे?’
• उत्तरं फळ्यावर लिहा. जागा, रंग, श्रोते, शिकणारी मुलं... यातलं आपला वर्ग काय देऊ शकतो, ते मुलांनाच ठरवू द्या. छोटंसंच ठरवा, पण वर्षभर पाळा.

कल्याणच्या त्या लोहाराकडे राजाचा खजिना नव्हता. त्याला जे जमत होतं, ते त्याने दिलं. यंदा आपल्या वर्गाचं दान कोणतं, हे मुलांना विचारून पाहा आणि त्यांची उत्तरं आम्हालाही नक्की कळवा.