मुग्धास, पोस्टडॉक निवडताना

तारनाका, सिकंदराबाद

चि. मुग्धा,

दादाने फोनवर सांगितलं, तुला पोस्टडॉकसाठी दोन बोलावणी आली आहेत, एक जर्मनीचं, एक इथलं. फार आनंद झाला. पण तू पगार आणि गाव पाहून ठरवते आहेस असं कळलं, म्हणून लगेच लिहायला बसले.

तुझ्या विषयातल्या जागांच्या जाहिरातीत इमेजिंग आणि मशीन लर्निंग शेजारीशेजारी छापतात. प्रत्यक्षात पुष्कळदा सूक्ष्मदर्शक एका इमारतीत, संगणक दुसऱ्या, आणि मधे नुसती हार्डडिस्क फिरते. तुला फक्त हार्डडिस्क मिळणार असेल तर तिथे जाऊ नकोस, पगार कितीही असो.

आमच्या बेगमपेटचंच बघ. २० ऑगस्ट १८९७ रोजी हिवतापाचा माग काढणाऱ्या रोनाल्ड रॉसला तिथे डासाच्या जठराच्या भिंतीत काही गोल पेशी दिसल्या आणि त्यांत काळे कण. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले, भिंगाला तडा गेलेला. चिरलेले डास वाऱ्याने उडतील म्हणून पंखाही बंद. तरी ते कण त्याने ओळखले, कारण लाव्हरां या डॉक्टरने १८८० साली हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात जे काळे कण पाहिले, ते रॉसही वर्षानुवर्षं रक्तात बघत आला होता. नुसत्या रक्ताच्या स्लाइडवर शिकवलेल्या मॉडेलने ती अनोळखी पेशी ओळखीच्याच एखाद्या प्रकारात ढकलली असती. ती नवी आहे हे कळायला नमुना हाताळलेला माणूस लागतो. तो माणूस तू व्हावंस, एवढंच माझं म्हणणं.

मी नोकरीभर स्लाइड पाहिल्या, म्हणून एक गोष्ट बजावून सांगते. समज, रोगी नमुने सोमवारी रंगवले आणि निरोगी गुरुवारी. सोमवारचा रंग किंचित गडद उतरला. मॉडेल रोग शिकतच नाही, रंग शिकतं, आणि अचूकतेचा आकडा झकास येतो. एकाच उंदराच्या मेंदूचे काप शिकवायच्या आणि तपासायच्या अशा दोन्ही संचांत गेले तरी तेच. हे संगणकापाशी बसून सहसा कळत नाही; रंगवणाऱ्या मुलीशी दोन शब्द बोललं की कळतं. म्हणून संच पाडताना प्राणी किंवा रुग्ण वेगळे ठेव. पेशींच्या कडा आखायच्या असतील तर त्याच थोड्या चित्रांवर दोन जाणकारांना वेगवेगळं आखायला लाव. त्या दोघांत जेवढा फरक, त्याहून बारीक अचूकतेचा दावा करू नकोस. २०१५ साली आलेलं, अशा कडा आखणारं यू-नेट हे मॉडेल थोड्या चित्रांवर शिकतं खरं, पण ती थोडी चित्रं कुणीतरी डोळे फोडून आखलेलीच असतात.

पैशाचं थोडक्यात. इथे राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप दोन वर्षांचीच असते. नवी जागा शोधण्यातच त्यातले बरेच महिने जातात, तेव्हा काम त्या बेताने आख.

होकार देण्याआधी दोन्ही प्रमुखांना विचार: उपकरणावर माझा वेळ किती? चित्रांवर खुणा कोण करणार? निबंधात माझं नाव कुठे? मी गेल्यावर कोड आणि चित्रं कुणाकडे? आणि तिथल्या आताच्या पोस्टडॉकशी प्रमुखांच्या माघारी बोल. बोलू द्यायला जो खळखळ करेल, त्याचं नाव यादीतून काढ.

उत्तरं आली की दोन्ही मला पाठव, शनिवारी फोनवर बोलू.

तुझी,
आत्या