तुटलेला कन्सोल आणि वॉरंटीचा कागद

पाठाविषयी : वस्तू विकत घेतली की आपण ग्राहक होतो. ग्राहकाला हक्क असतात, तशी काही कर्तव्येही असतात. व्हिडिओ गेमच्या कन्सोलचे उदाहरण घेऊन या पाठात वॉरंटीची माहिती दिली आहे. तुटलेल्या वस्तूची तक्रार केव्हा आणि कशी करावी, हेही सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, व्हिडिओ गेमचा कन्सोल तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. टीव्हीला जोडायचा आणि हातात कंट्रोलर घेऊन खेळायचे, असे हे यंत्र. ते स्वस्त नसते. त्यासाठी हजारो रुपये मोजावे लागतात. घरातले कोणीतरी महिनोन्महिने बचत करते, तेव्हा कन्सोल घरी येतो. असा कन्सोल एके दिवशी टेबलावरून खाली पडला, त्याचा कोपरा फुटला आणि टीव्हीवर चित्र दिसेनासे झाले, तर तुम्ही काय कराल? "वॉरंटी आहे ना! कंपनी दुरुस्त करून देईल," हाच विचार प्रथम मनात येईल. हा विचार कितपत बरोबर आहे, ते आता पाहू या.

वॉरंटी म्हणजे काय?

वॉरंटी म्हणजे वस्तू बनवणाऱ्याने किंवा विकणाऱ्याने दिलेले वचन. मराठीत तिला 'हमी' म्हणतात. उर्दूत तुम्ही 'हामी भरना' म्हणता, म्हणून हा शब्द तुमच्या कानाला ओळखीचा वाटेल. पण हे वचन अटींशिवाय नसते. वॉरंटीच्या कागदावर तीन गोष्टी शोधाव्यात. मुदत किती आहे? कोणता बिघाड फुकट दुरुस्त होईल? कोणता होणार नाही?

बहुतेक कागदांवर असे लिहिलेले असते की, वापरलेल्या साहित्यात किंवा घडणीत दोष निघाला, तर कंपनी तो दूर करील. म्हणजे कारखान्यात झालेली चूक कंपनीची. त्याच कागदावर पुढे बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, वस्तू पडली, आपटली, तिच्यात पाणी गेले किंवा बाहेरच्या माणसाने ती उघडली, तर वॉरंटी लागू होणार नाही. म्हणजे वापरताना झालेले नुकसान ग्राहकाचे. आपण मोठी अक्षरे वाचतो आणि बारीक अक्षरे सोडून देतो. पुढचे बरेचसे भांडण या सोडलेल्या ओळींवरूनच होते.

दुकानात 'गॅरंटी म्हणजे बदलून मिळणार आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार' असे सांगतात. हा बोलण्यातला फरक आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात गॅरंटीचा अर्थ निराळाच आहे. तेथे गॅरंटी म्हणजे दुसऱ्यासाठी जामीन राहणे. म्हणून तोंडी शब्दांवर जाऊ नका. कागदावर काय लिहिले आहे, ते पाहा.

चार कन्सोल, चार तक्रारी

समजा, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर चार ग्राहक चार कन्सोल घेऊन आले आहेत. चौघांचीही वॉरंटीची मुदत शिल्लक आहे. कोणाची तक्रार योग्य आहे?

पहिला कन्सोल बाहेरून अगदी नव्यासारखा आहे. तो कधी पडला नाही, भिजला नाही. तरी चार महिन्यांत बंद पडला. ही तक्रार योग्य आहे. येथे फुकट दुरुस्ती मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. बाहेर ओरखडाही नसताना यंत्र आतून मोडू शकते. २००५ साली बाजारात आलेल्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलचे असेच झाले. त्याच्या समोरच्या भागावर तीन लाल दिवे लुकलुकू लागत आणि यंत्र बंद पडे. आतील भाग तापून थंड होताना त्यांचे बारीक जोड तुटत होते. तक्रारी फार वाढल्या. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने या बिघाडापुरती वॉरंटी खरेदीपासून तीन वर्षे केली. ज्यांनी आधी पैसे भरून दुरुस्ती करून घेतली होती, त्यांचे पैसेही परत देण्याचे जाहीर केले. यासाठी कंपनीने एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला ठेवली. लोकांनी तक्रार केलीच नसती, तर हे घडले असते का?

दुसरा कन्सोल टेबलावरून पडलेला आहे. कोपरा फुटला आहे. टीव्हीची केबल लावण्याच्या जागेतील बारीक पिना वाकल्या आहेत. हे नुकसान साध्या वॉरंटीत बसत नाही. दुरुस्ती होईल, पण पैसे द्यावे लागतील. अशा वेळी खर्चाचा अंदाज लेखी मागावा आणि घरच्या मोठ्यांना विचारून मगच होकार द्यावा. अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण विकत घेतले असेल, तर त्याचा कागद मात्र जरूर दाखवावा.

येथे मनात एक मोह येतो. "पडला, हे सांगितलेच नाही तर? आपोआप बंद पडला, असे म्हटले तर?" मित्रांनो, हे करू नका. खोटे बोलणे वाईट आहे, हे तुम्ही जाणताच. शिवाय ते टिकतही नाही. कारागीर यंत्र उघडतो, तेव्हा तडकलेली पट्टी आणि वाकलेल्या पिना त्याला सगळे सांगतात. अनेक यंत्रांत एक छोटी पांढरी खूण असते. पाणी लागले की ती लाल होते. एकदा खोटे उघड झाले की पुढच्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास बसत नाही.

खरे सांगून मेहेरबानी मागता येते, हे मात्र लक्षात ठेवा. १९९०-९१ च्या आखाती युद्धाच्या काळात एका अमेरिकी सैनिकाचा गेम बॉय हा हातात धरून खेळायचा संच आगीत होरपळला. त्याचे बाहेरचे प्लॅस्टिक वितळले. जळालेली वस्तू वॉरंटीत बसत नाही. तरीही निन्टेंडो कंपनीने खास बाब म्हणून त्याला दुसरा संच दिला. होरपळलेला संच आश्चर्य म्हणजे चालत होता! तो पुढे अनेक वर्षे कंपनीच्या न्यूयॉर्कमधील दुकानात लोकांना पाहण्यासाठी ठेवला होता. त्या सैनिकाला जे मिळाले, तो त्याचा हक्क नव्हता. ती मेहेरबानी होती. हक्क मागता येतो, मेहेरबानीची विनंती करावी लागते. हा फरक ओळखला की तक्रारीची भाषा आपोआप नीट होते.

तिसऱ्या कन्सोलचाही कोपरा फुटला आहे. पण तो आजच घरपोच आला आणि खोक्यातूनच तुटलेला निघाला. तडा तसाच, उत्तर मात्र वेगळे! ही मोडतोड ग्राहकाच्या हातून झालेली नाही. तिची जबाबदारी विकणाऱ्याने घ्यायला हवी. परंतु ती आपल्याकडे येण्यापूर्वी झाली, हे दाखवता आले पाहिजे. म्हणून महाग वस्तूचे खोके उघडताना मोबाइलवर चित्रण करा. तुटलेले दिसले तर त्याच दिवशी लेखी कळवा. खोके, आतले वेष्टण आणि पावती फेकू नका. आठ दिवस थांबून तक्रार केलीत, तर "तुमच्या घरी पडला असेल" हे ऐकावे लागेल.

चौथा कन्सोल सर्वांत अवघड आहे. सहा महिन्यांपूर्वी त्याच्या एका बाजूचे प्लॅस्टिक किंचित तडकले होते. त्यानंतर तो नीट चालत होता. आता दुसऱ्या बाजूचा पंखा बंद पडला. तडा पाहून काउंटरवरचा माणूस म्हणतो, "फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटी रद्द." येथे गप्प बसू नका. नम्रपणे विचारा, "भाईसाहेब, या तड्याचा आणि या बिघाडाचा संबंध काय? कृपया लिहून द्या." तडा पडल्याचे लपवू नका. पण तड्यामुळेच पंखा बिघडला, हे गृहीतही धरू देऊ नका. निकाल आपल्याच बाजूने लागेल असे नाही. मात्र लेखी कारण हाती असले, तर पुढे दाद मागता येते.

आणखी एक गोष्ट. कोणाचे मामू दुबईहून येताना कन्सोल आणतात. परदेशात घेतलेल्या वस्तूची वॉरंटी पुष्कळदा त्याच देशापुरती असते. तेव्हा मामूंना आनंदाने सलाम करा, पण वॉरंटीचा कागदही मागून घ्या.

सही करण्यापूर्वी वाचा

सर्व्हिस सेंटरमध्ये यंत्र जमा करताना 'जॉब शीट' नावाचा कागद मिळतो. त्यात यंत्राचा क्रमांक, तक्रार आणि यंत्राची बाहेरची स्थिती लिहितात. घाईने सही करू नका. यंत्रावर तडा नसेल, तर 'तडा नाही' असे लिहून घ्या. असेल, तर तो नेमका कोठे आहे ते लिहून घ्या. देण्यापूर्वी सर्व बाजूंनी फोटो काढा. नाहीतर तेथे पडलेला ओरखडाही तुमच्याच नावावर जमा होईल.

दाद कोठे मागावी?

'दाद' हा शब्द उर्दूतही आहे. शायराला दाद देतात, तशी अन्यायाविरुद्ध दाद मागतात. आपल्या देशात ग्राहकांसाठी १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याला २४ डिसेंबर रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. पावती न देणे ही या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल पावतीवरील मुदतीत परत घेण्यास नकार देणे, हीसुद्धा तशीच प्रथा आहे. पावतीवर मुदत नसेल, तर ती तीस दिवस धरतात.

प्रथम कंपनीला लेखी कळवावे. उत्तर मिळाले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तरीही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर फी नाही. वस्तू कोठेही घेतलेली असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते. दोष तपासल्याशिवाय कळणार नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तुम्ही अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील असाल, तर तुमच्या वतीने अब्बा, अम्मी किंवा पालक तक्रार करू शकतात.

तक्रारीचे पत्र थोडक्यात आणि खरे असावे. नमुना पाहा :

प्रति,
व्यवस्थापक, सर्व्हिस सेंटर

विषय : कन्सोलच्या दुरुस्तीबाबत

महोदय,
मी सोबतच्या पावतीप्रमाणे कन्सोल विकत घेतला. वॉरंटीची मुदत अजून संपलेली नाही. सहा महिन्यांपूर्वी त्याच्या डाव्या बाजूचे प्लॅस्टिक तडकले. त्यानंतरही तो नीट चालत होता. आता उजव्या बाजूचा पंखा बंद पडला आहे. माझ्या मते या दोन गोष्टींचा संबंध नाही. कृपया तपासणी करून वॉरंटीत दुरुस्ती करून द्यावी. नकार द्यायचा असल्यास त्याचे कारण लेखी कळवावे, ही विनंती. पावती, वॉरंटी कार्ड व फोटोंच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला विश्वासू,
अ. ब. क.

पाहा, या पत्रात तडा लपवलेला नाही आणि हक्कही सोडलेला नाही. मुलांनो, कन्सोल असो, मिक्सर असो वा शिलाई मशीन, नियम हाच. आपली चूक असेल तर ती कबूल करा. चूक आपली नसेल, तर कोणी नाही म्हटले म्हणून घरी परतू नका. घरच्यांच्या घामाचा पैसा त्या वस्तूत असतो.

शब्दार्थ

मुदत – ठरलेला काळ, मीआद
दोष – उणीव, ऐब, खराबी
तडा – चीर, दरार
मोह – लालूच
पुरावा – सबूत
दाद मागणे – इन्साफ मागणे
अनुचित – योग्य नसलेले, नामुनासिब
अज्ञान (कायद्यात) – अठरा वर्षांखालील, नाबालिग
गृहीत धरणे – तपासल्याशिवाय खरे मानणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वॉरंटीच्या कागदावर कोणत्या तीन गोष्टी पाहाव्यात?
(आ) राष्ट्रीय ग्राहक दिन केव्हा असतो?
(इ) जॉब शीटवर काय काय लिहितात?

२. कारणे लिहा.
(अ) दुसऱ्या आणि तिसऱ्या कन्सोलचा कोपरा सारखाच फुटला, तरी उत्तर वेगळे आहे.
(आ) सैनिकाला मिळालेला गेम बॉय हा त्याचा हक्क नव्हता.

३. उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द पाठातून शोधा. त्यांचा मराठीत वाक्यात उपयोग करा.

४. तुमचे नवे घड्याळ पाण्यात न भिजताच बंद पडले आहे. दुकानदाराला तक्रारीचे पत्र लिहा.

५. उपक्रम : घरातील एखाद्या वस्तूचे वॉरंटी कार्ड वर्गात आणा. त्यातील बारीक अक्षरांतला मजकूर मोठ्याने वाचा आणि त्याचा अर्थ मित्राला मराठीत सांगा.