हेलसिंकीचा विद्यार्थी

युरोपच्या उत्तरेस फिनलंड नावाचा देश आहे. हेलसिंकी ही त्याची राजधानी. डिसेंबर महिन्यात तेथे दुपारी तीनच्या सुमारासच सूर्य मावळतो. उन्हाळ्यात मात्र रात्री उशिरापर्यंत उजेड सरत नाही. १९९१ सालच्या उन्हाळ्यात या शहरातील एक एकवीस वर्षांचा विद्यार्थी आपल्या खोलीच्या खिडकीला जाड काळे पडदे लावून संगणकापुढे बसलेला असे. बाहेर लोक वर्षभराने आलेले ऊन अंगावर घेत होते; याला ते पडद्यावर पडलेलेही खपत नव्हते. त्याचे नाव लिनस टोरवाल्ड्स.

लिनसला हा नाद त्याच्या आजोबांनी लावला. त्याच्या आईचे वडील विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. लिनस अकरा वर्षांचा असताना त्यांनी एक लहानसा संगणक घरी आणला. त्याची स्मृती इतकी तोकडी होती की, तुम्ही वाचीत आहात तो हा पाठदेखील तीत मावला नसता. आजोबांना कळा दाबीत बसण्याचा कंटाळा होता. म्हणून ते आज्ञा कागदावर लिहून देत आणि नातवाला मांडीवर घेऊन त्याच्याकडून त्या संगणकात भरवीत. पुढे आजोबा वारले व तो संगणक लिनसकडे आला. तयार खेळ विकत घेण्यास पैसे कोठून आणावे? मासिकांत छापलेले खेळांचे प्रोग्राम तो ओळ न् ओळ स्वतः उतरवून घेई आणि मग त्यांत आपल्या मनाप्रमाणे फेरफार करून पाही. दुसरा संगणक मिळाल्यावर तर त्याने आपल्याला लागणारी साधनेच स्वतः लिहून काढली.

१९८८ साली तो हेलसिंकी विद्यापीठात दाखल झाला. तेथे एक मोठा संगणक होता. परंतु त्यावर एका वेळी केवळ सोळा जणांना काम करता येई. त्या संगणकावर युनिक्स नावाची कार्यप्रणाली चाले. कार्यप्रणाली म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. मोठ्या वाड्यात एखादा कारभारी असतो. कोठारात काय ठेवले आहे, कोणाला केव्हा काय द्यावयाचे, दाराशी कोण आले आहे, हे सारे तो पाहतो. मालक त्याला सांगतो आणि काम होते. संगणकातील असा कारभारी म्हणजे कार्यप्रणाली. ती नसेल तर संगणक हा नुसता लोखंड-काचेचा ठोकळा होय. लिनसला युनिक्सची रचना अतिशय आवडली. पण ती घरी नेणे विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारे नव्हते.

जानेवारी १९९१ मध्ये त्याने ३८६ जातीचा एक संगणक घेतला. हाती असलेले सर्व पैसे पुरले नाहीत, म्हणून उरलेली रक्कम हप्त्यांनी देण्याचे ठरले. त्यावर त्याने मिनिक्स ही कार्यप्रणाली घातली. ॲम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी ती मुद्दाम विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी लिहिली होती. तिच्यात लिनसला अनेक उणिवा जाणवू लागल्या. विशेषतः घरी बसून दूरध्वनीच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकाशी बोलण्याची सोय त्याला हवी होती. ती त्याने स्वतःच लिहावयास घेतली.

आरंभ किती साधा होता पाहा. त्याने दोन कामे योजिली. एकाने पडद्यावर सारखे ‘ए’ अक्षर लिहावे, दुसऱ्याने ‘बी’ लिहावे आणि संगणकाने थोडा वेळ याला व थोडा वेळ त्याला द्यावा. पडद्यावर ए आणि बी यांच्या रांगा आळीपाळीने उमटू लागल्या. पाहणाऱ्याला त्यात काय नवल वाटणार? परंतु एकाच यंत्राकडून दोन कामे सांभाळून घेणे हेच तर कारभाऱ्याचे मुख्य कौशल्य! मग विद्यापीठातून आलेली माहिती साठवून ठेवावी असे वाटले, म्हणून तबकडीवर लिहिण्याची सोय आली. मागोमाग माहिती नीट लावून ठेवण्याची सोय आली. अशा रीतीने एकेक गरज भागविता भागविता आपण एक कार्यप्रणालीच उभारीत आहोत, हे त्याच्या ध्यानात आले.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने ही गोष्ट जगाला कळविली. मिनिक्स वापरणाऱ्यांचा एक सार्वजनिक संदेशफलक होता. त्यावर त्याने लिहिले की, मी हौस म्हणून एक कार्यप्रणाली करीत आहे. ती काही मोठी होणार नाही. मिनिक्समध्ये तुम्हांला काय आवडते व काय आवडत नाही, ते मला सांगा. आपले काम माझ्याजवळ आहे तसल्याच यंत्रावर चालेल, दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेता येणार नाही, हेही त्याने सांगून टाकले. अपुरे काम चारचौघांत मांडताना भले भले आपल्या उणिवा झाकतात. याने त्या आधीच वाचून दाखविल्या!

सप्टेंबरमध्ये पहिली आवृत्ती निघाली. ती सुमारे दहा हजार ओळींची होती. तिला आपले नाव देणे त्याला बढाईचे वाटले, म्हणून त्याने ‘फ्रीक्स’ असे नाव योजिले होते. परंतु ती सर्वांसाठी ठेवून देणाऱ्या आरी लेमके यांना ते रुचले नाही. त्यांनी त्या जागेला ‘लिनक्स’ असे नाव दिले व तेच रूढ झाले.

डिसेंबरमध्ये एक फजिती झाली. विद्यापीठाच्या संगणकाला दूरध्वनी लावण्याची आज्ञा लिनसने चुकून स्वतःच्या तबकडीलाच दिली. त्या निमित्ताने मिनिक्स पुसले गेले. ते पुन्हा घालावे की आपल्याच कार्यप्रणालीवर सर्वस्वी विसंबावे? त्याने दुसरा मार्ग पत्करला. त्याच सुमारास जर्मनीतील एका वापरणाऱ्याने आपली अडचण कळविली होती. त्याच्या यंत्राची स्मृती फार थोडी होती. लिनसला स्वतःला ती अडचण नव्हती. तरी नाताळच्या सुटीत बसून त्याने स्मृती अपुरी पडल्यास तबकडीची मदत घेण्याची सोय केली. मोबदला म्हणून तो पैसे मागत नसे. आपल्या गावचे चित्र असलेले एक कार्ड पाठवा, एवढेच सांगे. हेलसिंकीतील त्या घरी देशोदेशींची कार्डे येऊ लागली.

२९ जानेवारी १९९२ रोजी मात्र खुद्द प्राध्यापक टॅनेनबाम यांनी सर्वांसमक्ष टीका केली. लिनक्सची रचना जुनाट आहे, सारा कारभार एकाच मोठ्या प्रोग्राममध्ये कोंबला आहे, शिवाय ती एकाच जातीच्या यंत्राला जखडलेली आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. तू माझा विद्यार्थी असतास तर या रचनेला तुला चांगले गुण मिळाले नसते, असेही त्यांनी सुनावले. ज्यांच्या पुस्तकावरून आपण शिकलो त्यांनीच असे लिहावे, हे लिनसला झोंबले. त्याने तावातावाने उत्तर दिले आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या भाषेबद्दल क्षमा मागितली. मते मात्र त्याने मागे घेतली नाहीत. आमच्या मते प्राध्यापकांचा दुसरा आक्षेप बिनतोड होता.

त्याच वर्षी लिनसने लिनक्सला असा परवाना जोडला की, कोणीही ती वापरावी, बदलावी, विकावीदेखील. परंतु बदलून दुसऱ्याला देताना त्यातील मूळ आज्ञाही खुल्या ठेवाव्यात. मग ठिकठिकाणच्या लोकांनी तिच्यात भर घातली. मार्च १९९४ मध्ये १.० ही आवृत्ती निघाली, तेव्हा ओळींची संख्या पावणेदोन लाखांवर गेली होती. आज अँड्रॉइड भ्रमणध्वनीच्या गाभ्यात लिनक्स असते. जगातील सर्वांत वेगवान पाचशे संगणकांची यादी निघते. २०१७ च्या नोव्हेंबरपासून त्यातील प्रत्येक संगणक तिच्यावरच चालत आला आहे.

या सर्व धामधुमीत लिनसचा अभ्यास रेंगाळला होता. १९९७ साली त्याने पदव्युत्तर पदवीसाठी विद्यापीठाला प्रबंध सादर केला. दरम्यानच्या काळात लिनक्स दुसऱ्या अनेक जातींच्या यंत्रांवर नेण्यात आली होती. ते कसे साधले हाच प्रबंधाचा विषय होता, आणि त्याचे शीर्षक होते : ‘लिनक्स – कोणत्याही यंत्रावर नेता येणारी कार्यप्रणाली’.