शरीराची दुहेरी राखण आणि धनुर्वाताची लस

बालाघाटच्या डोंगररांगेतील मांजरसुंबा (जि. बीड) परिसरातून खरीप उरकताच, दसरा-दिवाळीच्या सुमारास, अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे जातात. पाचटाने अंग खरचटणे, कोयता लागणे व ती जखम शेणमातीने माखणे हे तेथे नित्याचेच. अशा वेळी शरीर आपले रक्षण कसे करते, व ते कोठे अपुरे पडते, हे प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिली राखण : शेताला कुंपण, तसे शरीराला कातडी. अश्रू व लाळ यांतील द्रव्ये आणि जठरातील आम्ल यांनीही पुष्कळ जंतू मरतात. कुंपण मोडून जंतू आत शिरलेच, तर रक्तातील पांढऱ्या पेशी काही तासांतच तेथे गोळा होऊन त्यांना गिळू लागतात. जखमेभोवतीची लाली, सूज, ऊब व ठणका ही या झुंजीचीच लक्षणे होत. ही राखण जन्मजात व तत्पर असते. मात्र विशिष्ट शत्रूची ओळख ती दीर्घकाळ लक्षात ठेवत नाही.

दुसरी राखण : ही लसिकापेशींची असते. या पेशी हाडांतील मगजात जन्मतात. त्यांपैकी काही छातीतील एका ग्रंथीत तयार होतात. शरीरात त्यांचे असंख्य वाण असून प्रत्येक वाण एकेका परक्या द्रव्यास ओळखतो. शत्रू आला म्हणजे त्याला ओळखणारा वाण तेवढा वाढीस लागतो. काही पेशी रोगग्रस्त पेशींचा नाश करतात, तर काही प्रतिपिंडे नावाची द्रव्ये रक्तात सोडतात. परंतु पेरल्याबरोबर पीक हाती येत नाही. पहिल्या खेपेस या कामी एक ते दोन आठवडे लागतात. पुढे काही पेशी राखून ठेवलेल्या बियाण्याप्रमाणे मागे उरतात. तोच शत्रू पुन्हा आल्यास थोड्याच दिवसांत भरघोस प्रतिकार उभा राहतो.

धनुर्वाताचा धोका : धनुर्वाताचे जंतू माती व शेण यांत सुप्तावस्थेत वर्षानुवर्षे टिकतात. खोल जखमेत, जेथे हवा पोचत नाही, तेथे ते वाढून विष निर्माण करतात. या विषाने जबडा आवळतो व पाठ धनुष्यासारखी ताणली जाते. म्हणूनच रोगास हे नाव पडले. हे विष इतक्या अल्प प्रमाणात मारक ठरते की, दुसऱ्या राखणीस त्याची ओळखही पटत नाही. त्यामुळे रोगातून वाचलेल्या माणसासही लस घ्यावीच लागते. लशीत निरुपद्रवी केलेले विष असते. त्यावरून शरीर शत्रूस आधीच ओळखून ठेवते.

काय करावे : बालकांस ६, १० व १४ आठवड्यांना, नंतर १६ ते २४ महिन्यांत, ५ ते ६ वर्षांत आणि पुढे १० व १६ व्या वर्षी या लशीच्या मात्रा ठरलेल्या आहेत. गरोदर स्त्रियांनाही ती दिली जाते. ज्या प्रौढांनी लस कधीच घेतलेली नाही, त्यांनी आरोग्य केंद्रात विचारून पहिली मात्रा श्रावणात व दुसरी किमान ४ आठवड्यांनी, भाद्रपदात घ्यावी. तिसरी मात्रा त्यानंतर किमान ६ महिन्यांनी, म्हणजे ऊसतोडीहून परतल्यावर घ्यावी. जखम होताच ती साबण व स्वच्छ पाण्याने धुवावी. तीवर शेण, माती अगर हळद भरू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लस न घेतलेल्यास तेथे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन द्यावे लागते. पण हे उसने संरक्षण काही आठवडेच टिकते.

बैलांच्या शरीराचा नियमही हाच आहे. घटसर्प व फऱ्या यांच्या लशी पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्याव्यात. साथ दारी आल्यावर टोचलेल्या लशीस काम करण्यास अवधी मिळत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आशा सेविकांच्या साहाय्याने ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची यादी आषाढातच करावी. गाड्या जुंपण्यापूर्वी त्यांतील प्रत्येकाच्या दोन मात्रा पूर्ण झाल्या आहेत, याची खात्री करून घ्यावी.