धानाचे किडे टमाटरवर आले का?

प्रश्न : आम्ही बालाघाटला राहतो. गावाबाहेर पडलं की चहूकडे धानच. दिवाळीच्या सुमारास दिवा लावला की बारीक हिरवे किडे घरभर होतात. यंदा त्याच दिवसांत खिडकीतल्या कुंडीतल्या टमाटरवर पांढरे किडे झाले. हात लागला की राख उडावी तसे उडतात. पानंही चिकट झाली आहेत. हे धानातूनच आले का? आणि घरातल्या झाडाला कीड लागतेच कशी?

उत्तर : नाही, धानाचा यात काही दोष नाही. दिव्यावर येतात ते हिरवे तुडतुडे. धान पिकत आलं, कापणी सुरू झाली की ते उजेडाकडे झेपावतात. पण त्यांचं पोट धानावर आणि गवतावर भरतं, टमाटरवर नाही. तुमच्या झाडावर आहे ती पांढरी माशी. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. वांगी, भेंडी, मिरची, कपाशी, तिला सगळं चालतं. शेजारच्या परसातल्या वांग्यावरून ती खिडकीतून आली असेल किंवा रोपासोबतच पानामागची अंडी घरात आली असतील.

आता एक पान उलटं करून भिंगातून बघा. फिकट पिवळे, चपटे, खवल्यासारखे ठिपके दिसतील. ही तिची पिलं. एका जागी चिकटून रस पितात आणि गोड चिकटा टाकतात. त्या चिकट्यावर मुंग्या येतात, पुढे काळी बुरशी चढते.

घरात कीड वाढते, कारण घर झाडाला जपतं तसं किडीलाही जपतं. बाहेर पावसाची सर पानं धुते, वारा माशांना टिकू देत नाही, ढालकिडे आणि क्रायसोपा नावाच्या कीटकाच्या अळ्या पिलं खातात. खिडकीच्या आत यातलं कुणीच नाही. काचघरांतही हीच अडचण असते. 1926 साली इंग्लंडमधल्या एका टमाटर बागायतदाराला पांढऱ्या माशीची काही पिलं काळी पडलेली दिसली. त्याने ती शास्त्रज्ञांना दाखवली. माशीच्या पिलात अंडी घालणारा एन्कार्सिया नावाचा इवलासा कीटक त्यांतून निघाला. पुढे काचघरांतल्या टमाटरसाठी हे कीटक मुद्दाम वाढवून पुरवले जाऊ लागले.

तुमच्या खिडकीत हे काम तुमच्या हातांना करायचं आहे. खालची, पिलांनी भरलेली पानं काढून पिशवीत बांधून टाका. कुंडी मोरीत न्या आणि पानांच्या मागच्या बाजूला पाण्याची हलकी धार मारा. एक लिटर पाण्यात 5 मिली नीम तेल आणि थोडा सौम्य द्रवसाबण नीट ढवळून संध्याकाळी फवारा. उन्हात निंबाचा गुण लवकर उतरतो. आधी एका पानावर करून दुसऱ्या दिवशी बघा. निंबोळ्या जपून ठेवल्या असतील तर आणखी चांगलं : 50 ग्रॅम भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून गाळून घ्या. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून झाडाजवळ टांगा. उडत्या माशा पिवळ्या रंगाकडे ओढल्या जातात.

एकदा फवारून थांबू नका. फवाऱ्याने पिलं मरतात, अंडी मात्र बहुतेक वाचतात. उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून दर चार-पाच दिवसांनी, तीन आठवडे नेमाने हे करा. टमाटर धुऊनच खा.

एवढं मात्र जपा : शेंड्याची पानं आकसून वाटीसारखी वळली, झाड खुजं राहिलं, तर तो पर्णगुच्छ रोग. त्याचा विषाणू पांढरी माशीच पसरवते आणि त्यावर औषध नाही. असं झाड मोह न धरता उपटा, म्हणजे शेजारची मिरची आणि पुढचं रोप तरी वाचेल. एरवी रोज सकाळी चहा घेताना एक पान उलटून बघत जा. कीड दहा-बाराच असते तेव्हा ओल्या फडक्यानेही पुसली जाते.