अपघात नाही, तरी कोंडी का?

प्रश्न : महामार्गावर पुढे टोलनाका नाही, अपघात नाही, तरी गाड्या थबकतात. वेग आपोआप सांभाळणाऱ्या गाड्या आल्या तर हे थांबेल?

उत्तर : दोष बहुतेकदा ब्रेकवरच्या पायाचा. एकाने जरासा दाबला की मागचा जास्त दाबतो, त्यामागचा त्याहून जास्त. शेवटी कुणीतरी पार थांबतो. जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या वर्तुळात २२ गाड्या फिरवून ही लाट दाखवली.

ॲरिझोनातल्या तशाच प्रयोगात वीसेक गाड्यांत एकच स्वयंचलित होती. पुढे जागा दिसली तरी ती झेपावली नाही, सरासरी वेग धरून राहिली. लाट विरली, इंधनखर्चही ४० टक्क्यांपर्यंत घटला.

खऱ्या रस्त्यावर मात्र मोकळी जागा दिसली की शेजारचा घुसतोच! म्हणून नोव्हेंबर २०२२मध्ये नॅशव्हिलजवळच्या महामार्गावर अशा १०० गाड्या उतरवून चाचणी झाली.